दुसऱ्या बोलीची वेळ

दर सोमवारी सकाळी मी अमेरिकेतला रविवार बघत बसतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा होतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळचे सहा आणि न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग माझा चहाही तासाभराने पुढे सरकतो. या सुमारास ईबे या संकेतस्थळावर बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचे लिलाव एकामागून एक संपत असतात. कोणतं कार्ड, कुठल्या दर्जाचं, किती वाजता संपलं, किती बोल्या आल्या, शेवटची कितीची, हे मी वहीत उतरवून घेतो. बायकोच्या मते हे निवृत्तीआधीच लागलेलं वेड आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होतो. शिक्षण बारावी कॉमर्स. पुढचं अर्थशास्त्र वाचलं ते शब्दकोश शेजारी ठेवून, आणि पुष्कळदा एकच पान चारचारदा. लिलाव मात्र रोज डोळ्यांसमोर होत होता. हळदीच्या थप्पीभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं जमायचं, पोतं फोडून हळकुंड मोडून पाहिलं जायचं आणि दोनचार मिनिटांत एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत ठरायची. तोच माल सकाळी निघाला तर एक भाव आणि दुपारी निम्मे व्यापारी जेवायला गेल्यावर निघाला तर दुसरा, असं का होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

बेसबॉलची कार्डं या प्रश्नात आली ती भाच्यामुळे. ताई लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, भाचा तिथेच वाढला, आणि तिथल्या मुलांसारखी त्यानेही खाऊच्या पैशांतून कार्डं जमवली. २०२० मध्ये त्याच्या कामाचे तास निम्म्यावर आले. एके रात्री त्याचा फोन आला, "मामा, तू आयुष्य लिलावात काढलंस. ही कार्डं कधी विकू?" मी उत्तर दिलं. ते चुकलं. कसं चुकलं हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि हा लेख त्याचाच हिशेब आहे.

ज्या वाचकांनी लहानपणी आगपेट्यांची किंवा च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली आहेत त्यांना या छंदाची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेत हे फार जुनं आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगरेटच्या पाकिटांत घातलेल्या कार्डांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड अतिशय दुर्मीळ आहे. त्याची एक प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेली. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याच संचाची न खपलेली खोकी १९६० मध्ये आपण बोटीतून नेऊन समुद्रात बुडवली, असं तो संच तयार करणारे साय बर्गर सांगत असत.

पण अशा कार्डांचा वेळेच्या अभ्यासाला उपयोग नाही. दहा वर्षांत एकदा विकल्या जाणाऱ्या वस्तूची तुलना कशाशी करणार? उपयोगाची असतात ती मधल्या किमतीची कार्डं. १९९१ पासून पीएसए नावाची कंपनी कार्डांची प्रतवारी करते. कोपरे, कडा, छपाई तपासून एक ते दहा असा दर्जा देते आणि कार्ड प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करते. एकाच खेळाडूचं, एकाच सालचं, आठ दर्जाचं कार्ड एका आठवड्यात पाचसात जण विकायला काढतात. हळदीची दोन पोती कधी सारखी नसतात, ही दोन कार्डं जवळजवळ सारखी असतात. तरीही त्यांच्या किमतीत फरक पडतो. माल तोच आणि भाव वेगळा, म्हणजे फरक मालाबाहेर कुठेतरी आहे.

तो कुठे आहे हे समजायला ईबेचा नियम नीट बघावा लागतो. तिथे आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो. ती कुणाला दिसत नाही. संकेतस्थळ आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत जातं. समजा, एका कार्डासाठी एकाने १०० डॉलर सांगून ठेवले, दुसऱ्याने ६२ आणि तिसऱ्याने ४०. कार्ड पहिल्याला मिळतं, पण १०० ला नाही. दुसऱ्याच्या ६२ वर एक डॉलरची पायरी चढून ६३ ला सौदा तुटतो. आता दुसरा त्या रात्री झोपून गेला असं समजा. कार्ड तेच, घेणारा तोच, त्याच्या मनातली किंमतही तीच, आणि सौदा ४१ ला. विकणाऱ्याचे २२ डॉलर गेले, आणि ते न आलेल्या माणसामुळे गेले.

जिंकणाऱ्याने दुसऱ्याच्या बोलीइतकीच किंमत द्यायची, या पद्धतीचं गणित विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडलं. अशा लिलावात आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढीच रक्कम सांगणं सर्वांत शहाणपणाचं ठरतं, हे त्यांनी दाखवलं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले. वेळेच्या बाबतीत नशिबाने केलेली ही थट्टा मला नेहमी आठवते.

तर किंमत ठरवतो तो दुसरा. मग वेळेचा प्रश्न असा उरतो: कोणत्या वेळी दुसरा माणूस हजर असतो?

पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती शेवटच्या काही सेकंदांची धांदल. सात दिवस चाललेल्या लिलावात सहा दिवस जवळजवळ सामसूम असते, आणि अखेरच्या मिनिटात बोल्या कोसळतात. विकरींचं म्हणणं खरं, तर लोक आपली कमाल रक्कम पहिल्याच दिवशी टाकून निवांत का होत नाहीत? ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर एक सुंदर निबंध लिहिला. त्या काळी ॲमेझॉनचेही लिलाव चालत. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो, ॲमेझॉनचा मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की आणखी लांबत असे. उशिरा बोली लावणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले. त्यातही मुरलेले लोक ईबेवर अधिक उशिरा येत, आणि ॲमेझॉनवर अनुभवाबरोबर हा उशीर कमी होई. म्हणजे ही निव्वळ सवय नव्हती, नियम ओळखून आखलेली चाल होती. दुसरी गोष्ट मला जास्त ओळखीची वाटली. संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात हा उशीर अधिक होता. जाणकाराने आधी बोली लावली तर इतरांना कळतं की मालात काहीतरी आहे. आमच्या यार्डातले एक जुने व्यापारी चांगली हळद दिसली की मुद्दाम दुसऱ्याच थप्पीकडे बघत उभे राहत.

याने किमतीवर काय होतं? सगळ्यांनी आपापली खरी रक्कम एकदाच टाकली तर काहीच होत नाही, ती पहिल्या दिवशी टाकली काय आणि शेवटच्या सेकंदाला टाकली काय. पण माणसं तशी नसतात. पुष्कळजण ५० टाकतात, कुणी वर गेलं की चिडून ५५ टाकतात, मग ६०. अशांना चिडायला सवड मिळू नये म्हणून मुरलेला माणूस दबा धरून बसतो. विकणाऱ्याच्या हातात इथे फारसं काही नसतं, फक्त लिलाव कुठे करायचा ते असतं. मोठ्या लिलावगृहांत ठरलेली वेळ उलटल्यावरही बोल्या येत राहिल्या तर वेळ वाढत जाते. महाग कार्डं तिकडे जाण्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

आता तो प्रसिद्ध रविवार. कार्डं विकणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की लिलाव रविवारी संध्याकाळी संपवा. कारण उघड आहे. लोक घरी असतात, पूर्व किनाऱ्यावरचे अजून झोपलेले नसतात, पश्चिमेकडचे फिरून परतलेले असतात. ईबेवर लिलाव सुरू केल्याच्या वेळेलाच तो तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांनी संपतो, त्यामुळे सगळे विकणारे रविवारी संध्याकाळी माल चढवतात आणि पुढच्या रविवारी त्याच तासात सगळ्यांचे लिलाव संपतात.

वर्तनशास्त्राचे अभ्यासक उरी सिमॉनसोन यांनी २०१० मध्ये नेमकी हीच गर्दी तपासली. त्यांची आकडेवारी ईबेवरच्या डीव्हीडींची होती, कार्डांची नव्हे. त्यांना दिसलं ते असं: ग्राहक सर्वांत जास्त असतात त्या संध्याकाळच्या तासांत लिलाव संपवणाऱ्यांची गर्दी ग्राहकांच्याही प्रमाणाबाहेर होते. परिणामी त्या तासांत माल न विकला जाण्याचं प्रमाण जास्त आणि मिळणारी किंमत कमी. ही चूक बेफिकीर विकणाऱ्यांपेक्षा विचारपूर्वक वेळ निवडणाऱ्यांत अधिक दिसली, हे तर फारच बोलकं आहे. त्यांनी ग्राहकांचा विचार केला होता. आपल्यासारखाच विचार करणाऱ्या इतर विक्रेत्यांचा करायचा राहून गेला.

हा निबंध वाचला तेव्हा मला हसू आलं, कारण यार्डात याला एका शब्दात सांगतात: आवक. सणाच्या तोंडावर प्रत्येकाला पैसा हवा असतो, प्रत्येकजण त्याच आठवड्यात माल आणतो आणि भाव बसतो. व्यापारी तेवढेच, थप्प्या तिप्पट. ईबेवर तर आवक डोळ्यांना दिसतही नाही. ती शोधावी लागते.

कार्डांत ही गोष्ट आणखी नेमकी लागू पडते. एखाद्या कार्डाला त्या आठवड्यात मनापासून हवं असणारे समजा तीनच लोक आहेत. त्याच कार्डाचे दोन लिलाव एकाच तासात संपले तर ते तिघे दोन ठिकाणी विभागले जातात. एका लिलावात दोघे भिडतात, दुसऱ्यात एकटाच उरतो आणि सुरुवातीच्या भावात कार्ड उचलतो. माझ्या वहीत सर्वांत पडलेल्या किमती बहुधा अशा जुळ्या लिलावांच्या आहेत. वहीला मी संशोधन म्हणत नाही. नोंदी थोड्या आहेत आणि मी झोपलेलो असतो तेव्हाचे लिलाव तिच्यात फारसे नाहीत.

शिवाय नुसत्या नोंदींत एक खोच असते, ती इथेच सांगून टाकतो. रविवार निवडणारे विक्रेते बहुधा अनुभवी असतात. त्यांचे फोटो स्वच्छ असतात, वर्णन नेमकं असतं, नाव चांगलं असतं. मंगळवारी दुपारी लिलाव संपवणारा कदाचित काल पहिल्यांदाच विकायला बसलेला असतो. मग रविवारची किंमत जास्त दिसली, तर ते श्रेय रविवारचं की फोटोचं? हे सोडवायचं तर सारखा माल स्वतः विकायला काढून फक्त एकच गोष्ट बदलायची. अर्थशास्त्रज्ञांना या बाजाराचं आकर्षण त्यासाठीच आहे. जॉन लिस्ट यांनी कार्डांच्या जत्रांमध्ये टेबल मांडून प्रयोग केले. जिन आणि काटो या दोन अभ्यासकांनी ईबेवरून दर्जा न ठरवलेली बेसबॉल कार्डं विकत घेऊन ती प्रतवारीला पाठवली. दर्जाबद्दल मोठमोठे दावे करणाऱ्यांना किंमत जास्त मिळत होती, कार्डं मात्र अधिक चांगली नव्हती. म्हणून वेळेची तुलना करताना मी सीलबंद कार्डांपलीकडे जात नाही.

लिलाव किती दिवस चालावा, याबद्दल मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे. डेव्हिड लकिंग-रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मधल्या ईबेवरच्या जुन्या अमेरिकन एक सेंटच्या नाण्यांचे लिलाव अभ्यासले. तीन दिवसांच्या तुलनेत सात दिवसांच्या लिलावांत किंमत सरासरी सुमारे २४ टक्के आणि दहा दिवसांच्या लिलावांत सुमारे ४२ टक्के जास्त होती. शनिवार-रविवारी संपण्याचा मात्र ठोस फरक दिसला नाही. तेव्हा इंटरनेट नवं होतं, लोक रोज बघत नव्हते, आज हे आकडे तसेच्या तसे उतरतील असं मी म्हणणार नाही. पण कारण अजून टिकून आहे. जास्त दिवस म्हणजे आठवड्यातून एकदाच डोकावणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला कार्ड दिसण्याची संधी.

आणि आता माझी चूक.

भाच्याच्या संग्रहातलं बरंचसं मोल डेरेक जीटरच्या कार्डांत होतं. जीटर न्यूयॉर्क यांकीजचा वीस वर्षांचा लाडका खेळाडू. त्याचं १९९३ चं एसपी संचातलं चकचकीत कार्ड संग्राहकांत प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या कडा आणि पृष्ठभाग इतके नाजूक की वरच्या दर्जाची प्रत विरळा. जानेवारी २०२० मध्ये जीटर हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला, ३९७ पैकी ३९६ मतांनी. कूपर्सटाउनमधला सन्मान सोहळा जुलै २०२० मध्ये होता. संग्राहकांचा ठोकताळा सांगतो की हिवाळ्यात घ्या, मोसमात विका, आणि सन्मानाच्या तोंडावर तर विकाच. मीही तेच सांगितलं: थांब, सोहळ्याच्या आठवड्यात काढ.

कोरोनामुळे सोहळा पुढे गेला. मी म्हणालो, आणखी थांब. दरम्यान अमेरिकेत लोक घरी बसले, माळ्यांवरची खोकी खाली आली आणि कार्डांचा बाजार असा पेटला की जाणत्यांचीही मती गुंग झाली. जानेवारी २०२१ मध्ये मायकल जॉर्डनचं १९८६ चं बास्केटबॉलचं कार्ड दहा दर्जात ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. काही महिन्यांत तेच कार्ड त्याच्या निम्म्याहून खाली विकलं जात होतं. मार्चअखेर प्रतवारीसाठी इतकी कार्डं तुंबली की पीएसएला बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं. मे महिन्यात कार्डांवरून झालेल्या मारामारीनंतर टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतली कार्डविक्रीच बंद केली. त्या फेब्रुवारीत भाच्याने दोनदा फोन केला. "मामा, आत्ता काढू का?" मी म्हटलं, सोहळा व्हायचाय ना अजून.

सोहळा ८ सप्टेंबर २०२१ ला झाला. भाच्याने सगळी जीटर कार्डं एका लिलावाच्या संकेतस्थळावर चढवली आणि माझ्या सल्ल्याने सगळे लिलाव आधीच्या रविवारी संध्याकाळी, अर्ध्या तासात संपवले. देशभरातल्या जीटर कार्डवाल्यांनी तेच केलं होतं. हातात पडलं ते फेब्रुवारीच्या भावाच्या निम्म्यापेक्षा थोडं अधिक. त्याला त्या पैशांतून थकलेलं घरभाडं द्यायचं होतं. उरलेलं ताईने भरलं, आणि मला ते तिच्याकडून नव्हे, भाऊजींकडून कळलं.

चूक कुठे झाली हे मी वहीत बरेचदा मांडून पाहिलं. मी बातमी आणि बातमीची तारीख यांत गल्लत केली. जीटर निवडून येणार हे २०१४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं, सोहळ्याची तारीखही महिनोन् महिने जाहीर होती. ठरलेल्या तारखेने नवा ग्राहक येत नाही, ज्याला हवं होतं त्याने आधीच घेतलेलं असतं. नवा येतो तो नवा विक्रेता, माझ्यासारखा तारखेची वाट बघत बसलेला. उलट टाळेबंदीने खरोखर नवी माणसं बाजारात आणली, तारीख न सांगता. तीन, चार, पाच जण एकेका कार्डामागे, आणि त्या महिन्यांत मी भाच्याला कॅलेंडर दाखवत होतो. यार्डात मुहूर्ताच्या दिवशी भाव चढता असतो हे खरं, पण तो हार घातलेल्या पहिल्या थप्पीपुरता. हे मला कळत होतं. अमेरिकेच्या बाबतीत ते लागू करायचं सुचलं नाही.

हंगामाचा ठोकताळा त्यामुळे अगदीच खोटा ठरतो असं नाही. नोव्हेंबर ते मार्च बेसबॉल नसतं, हौशी मंडळी फुटबॉलकडे वळतात, आणि शरद ऋतूत तर रविवारी रात्री फुटबॉलचा मोठा सामनाच असतो. बोली लावायची सोडून लोक टीव्हीकडे बघतात. सुपर बोलच्या रविवारी लिलाव संपवू नये, हे संग्राहक सांगतात ते पटण्यासारखं आहे. पण हिवाळ्यात घेऊन उन्हाळ्यात विकणं सगळ्यांनाच माहीत झालं की हिवाळ्यातला भाव वर सरकतो, उन्हाळ्यातला खाली येतो, आणि मधल्या फरकातून संकेतस्थळाचा वाटा, टपालखर्च आणि सहा महिन्यांचं व्याज वजा केलं की फारसं उरत नाही. न ठरलेल्या गोष्टींनी मात्र भाव हलतो: नवख्या पोराने अचानक गाजवलेला मोसम, खांद्याची दुखापत, संघबदल. त्या वेळी हातात कार्ड आणि वर चढवायला दहा मिनिटं असली पाहिजेत.

भाच्याने एक कार्ड विकायचं ठेवलं होतं, १९८९ च्या अपर डेक संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियरचं. ते अमाप छापलं गेलं, त्यामुळे फार मोलाचं नाही, पण नऊ दर्जाचं आहे. गेल्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं, कधी काढू. या वेळी मी उलट विचारलं, येत्या पंधरा दिवसांत त्याच दर्जाची त्याच कार्डाची किती संपतायत ते मोजून सांग. रविवारी संध्याकाळी चौदा होती. बुधवारी रात्री एकही नव्हतं. दहा दिवस पुरतील असा हिशेब करून त्याने रविवारी सकाळीच चढवायचा बेत केला होता, तो आम्ही मोडला आणि बुधवारी रात्री संपेल असं सात दिवसांचं लावलं.

हा लेख संपादकांकडे पाठवताना लिलावाचे तीन दिवस शिल्लक आहेत. नऊ जणांनी कार्डावर नजर ठेवली आहे. बोली अजून एकच आहे.